सव्वा रुपया किलो

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एक प्रोजेक्ट आला होता. पट्ट्यावरून कचरा सरकतोय, वरून कॅमेरा बघतोय आणि सॉफ्टवेअरने सांगायचं की हे प्लॅस्टिक कुठल्या जातीचं. पेट, पीव्हीसी, पॉलिप्रॉपिलीन वगैरे. ऐकायला एकदम सोपं. कॉलेजातली पोरंही फायनल इयर प्रोजेक्टला असलं काहीतरी करतात. प्रत्यक्षात मॉडेलने आमची पार लाज काढली. पारदर्शक डबा दिसला की ते बिनधास्त 'पेट' म्हणायचं, आणि काळं प्लॅस्टिक आलं की सरळ हात वर.

मग क्लायंटने गोवंडीच्या एका शेडमधून दोन बायकांना बोलावून घेतलं, फोटोंना बरोबर नावं द्यायला. त्यातल्या एक मावशी पन्नाशीच्या. देवनारच्या डंपिंगवर लहानपणापासून कचरा वेचलेल्या. त्यांनी फोटोंकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "फोटोत काय कळणार दादा? वस्तू द्या हातात."

वस्तू दिल्या. त्यांनी नखाने टकटक केलं, जरा वाकवून पाहिलं, नाकाशी नेलं, बाजूला टाकलं. पुढची. शंका आलीच तर काडी पेटवून कोपरा जाळायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर एका ढिगात, नाकात झोंबणारा आला तर दुसऱ्या. नाहीतर बादलीत टाकायचं, तरंगतं की बुडतं ते बघायचं. आम्ही नंतर गुपचूप डेन्सिटीचा तक्ता काढून बघितला. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, पेट आणि पीव्हीसी जड. तक्ता मावशींनी कधी पाहिला नव्हता, उत्तर मात्र तेच होतं.

सहा आठवडे हे चाललं. मॉडेल सुधारलं, क्लायंट खूश झाला, मला स्पॉट अवॉर्ड मिळालं. त्या पैशांत मी हेडफोन घेतले. मावशींना रोजाने पैसे मिळाले. शेवटच्या प्रेझेंटेशनमध्ये सगळ्या टीमच्या नावांची एक स्लाइड होती. त्यात त्या दोघींची नावं नव्हती. स्लाइड मीच बनवली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही. शेवटच्या दिवशी चहा पिताना त्यांनी विचारलं, "हे मशीन आलं की आमचं काय?" मी म्हटलं, "मावशी, मशीनला अजून बराच वेळ आहे." हे खरंच होतं. पण त्यांनी विचारलं होतं ते हे नव्हतं.

हा किस्सा मी मित्रांमध्ये सांगितला तेव्हा एमबीए झालेल्या दोस्ताने अपेक्षित उत्तर दिलं. सप्लाय आणि डिमांड. कचरा वेचणारे भरपूर, पायथन लिहिणारे कमी (आता तेही भरपूर झालेत म्हणा). म्हणून तुला जास्त, त्यांना कमी. यात बाजाराचा काय दोष?

दोष नाही, हे मला मान्य आहे. ॲडम स्मिथने अडीचशे वर्षांपूर्वीच विचारलं होतं की पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी ते जवळजवळ फुकट आणि हिरा काही कामाचा नाही, तरी एवढा महाग, असं का? आणि हायेक, जो मुक्त बाजाराचा मोठा वकील, त्याने १९६० साली स्वच्छ लिहून ठेवलंय की बाजार माणसाच्या लायकीचं किंवा कष्टांचं बक्षीस देत नाही. दुसऱ्याला तुमच्या कामाची जी किंमत वाटते तेवढंच देतो. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. आपल्याकडे मात्र पगार जास्त म्हणजे माणूस हुशार असं समीकरण घराघरांत पक्कं आहे. लग्नाच्या बायोडेटात तर ते छापूनच येतं.

पण हायेकचं वाक्य धरूनच पुढे चला. दुसऱ्याला तुमच्या कामाची जी किंमत वाटते तेवढं. ठीक. मग मावशींच्या कामाची किंमत कुणाला किती वाटते, हे आमच्या देवनारपुरतं तरी मोजता येतं.

देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. सुमारे १३२ हेक्टर. मी लहानपणापासून इथे राहतो. बाहेरच्याला देवनार म्हटलं की कत्तलखाना नाहीतर डंपिंग एवढंच आठवतं. १९५४ पासून इथे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे हे सांगितलं की लोकांना आश्चर्य वाटतं. २०१६ च्या जानेवारीअखेर डंपिंगला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती. धूर उपग्रहाच्या चित्रांतसुद्धा दिसला, शाळांना सुट्टी द्यावी लागली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. आई खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबत होती ते आठवतंय. कचऱ्याखाली ओला माल कुजतो, मिथेन तयार होतो आणि तो पेटला की विझता विझत नाही.

२०२४ मध्ये राज्य सरकारने यातली सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं ठरवलं. जागा द्यायची तर आधी कचरा उचलायला हवा. म्हणून २०२५ मध्ये महापालिकेने निविदा काढली. सुमारे १८५ लाख टन जुना कचरा, अंदाजे खर्च २,३६८ कोटी रुपये.

इंजिनिअर माणूस, भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. टनाला १,२८० रुपये. म्हणजे किलोला साधारण सव्वा रुपया.

आता बघा. एखादी वस्तू एकदा डोंगरावर जाऊन पडली की ती तिथून काढायला आपण, म्हणजे तुम्ही-आम्ही कर भरणारे, किलोमागे सव्वा रुपया मोजायला तयार आहोत. तीच वस्तू डोंगरावर जाण्याआधीच कुणी उचलली तर? तर त्या किलोमागे महापालिकेचा सव्वा रुपया वाचला. शिवाय ट्रकचं डिझेल वाचलं, जागा वाचली, थोडी आगही वाचली. या वाचलेल्यातलं उचलणाऱ्याला मिळतं शून्य. तिला भंगारवाला काट्यावर जो भाव देईल तो, आणि ज्याला भाव नाही ते तिने उचललं काय नि नाही काय. भंगारवाला देतो ते प्लॅस्टिकचे पैसे. कचरा कमी झाला त्याचे पैसे कुणीच देत नाही. सप्लाय-डिमांडने तिचा रोज कमी का हे कळतं. पण हा शून्य का, ते कळत नाही. सव्वा रुपयाची डिमांड तर आहे! सरकारी कागदावर आहे.

मला वाटतं उत्तर आपल्याच धंद्यात सापडतं. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन बंद पडतं, कुणीतरी वीर जागून पहाटेपर्यंत ते उभं करतो. सकाळी त्याच्या नावाने मेल, टाळ्या, अप्रेझलला वरचं रेटिंग. आणि ज्याचं मॉड्यूल तीन वर्षांत एकदाही पडलं नाही? त्याला मॅनेजर विचारतो, "तू नक्की काय करतोस?" झालेलं नुकसान निस्तरलं तर त्याचं बिल करता येतं. न झालेल्या नुकसानाचं बिल कुणाच्या नावाने फाडणार? पैसा मूल्याच्या मागे जात नाही, तो बिलाच्या मागे जातो. कंत्राटदाराकडे बिल फाडायची जागा आहे. मावशींकडे नाही.

बरं, हे फक्त गरिबांच्या बाबतीत होतं असंही नाही. संशोधकांचंही तेच. अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउसने (२०१८ चं नोबेल) २००४ मध्ये हिशेब मांडला होता की १९४८ ते २००१ या काळात अमेरिकेत नव्या तंत्रज्ञानातून समाजाचा जेवढा फायदा झाला, त्यातला नवं काही आणणाऱ्यांच्या पदरात सुमारे २.२ टक्के पडला. बाकी सगळं तुमच्या-माझ्यासारख्या वापरणाऱ्यांना. आणि हे पेटंट घेऊन, कंपन्या काढून. जे तेही करत नाहीत त्यांचं काय? देवनारपासून हाकेच्या अंतरावर तुर्भ्याला, बीएआरसीत डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचा बायोगॅस प्रकल्प उभा केला. स्वयंपाकघरातला ओला कचरा आत, गॅस आणि खत बाहेर. म्हणजे जो मिथेन डोंगराखाली आग लावतो, तोच इथे शेगडीत जळतो. असं काही शोधणारा माणूस सरकारी पगारावर होता. एखाद्या स्टार्टअपवाल्याने हेच केलं असतं तर मासिकांच्या मुखपृष्ठावर असता.

मग बाजार बंद करायचा का? नाही हो. १९९१ नसतं झालं तर मी आज बहुधा कुठल्यातरी परीक्षेचे फॉर्म भरत बसलो असतो. मला फक्त एवढं वाटतं की बिल फाडायची जागा आभाळातून पडत नाही, ती माणसं ठरवतात, आणि आपण ती ठरवतो तेव्हा कुणाला विचारतो?

उदाहरणार्थ, २०२२ पासून प्लॅस्टिक वापरणाऱ्या कंपन्यांना प्रमाणपत्रं विकत घेता येतात, की आमच्याइतकं प्लॅस्टिक रीसायकल झालं. चांगली कल्पना आहे. न झालेल्या कचऱ्याचं बिल शेवटी छापलं गेलं! पण प्रमाणपत्र निघतं ते नोंदणीकृत रीसायकलरच्या नावाने. वेचणारीचं नाव त्यावर नाही. माझ्या स्लाइडसारखंच.

उलटं उदाहरणही आहे आणि ते पुण्यात आहे (मुंबईकर असून कबूल करतोय, नोंद घ्यावी). १९९३ मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत सुरू झाली. सभासदांत बहुसंख्य बायका, त्याही दलित समाजातल्या. बिलाच्या जागेपासून कोण लांब राहतं हा काही योगायोग नसतो, हे त्या यादीवरूनच कळतं. त्यांनी आधी ओळखपत्रं मिळवली, पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काढली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. घरोघरून कचरा उचलायचा, घरामागे महिन्याला ठरलेले पैसे घ्यायचे, वर भंगार विकायचा हक्कही त्यांचाच. काम तेच, बाई तीच, कचराही तोच. फक्त तिच्या हातात पावती आली. सगळं सुरळीत चाललं असंही नाही, करार संपत आला की दर वेळी कंत्राटदारांची कुजबुज सुरू होते. पण पावती आली.

हे सगळं डोक्यात घेऊन मी गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडे गेलो. म्हटलं, सुका कचरा वेगळा करू, त्या शेडमधल्या बायका आठवड्यातून दोनदा येऊन नेतील, फ्लॅटमागे थोडे पैसे देऊ. काका म्हणाले, "अरे, भंगार विकून त्यांना मिळतातच ना? उलट त्यांनीच आपल्याला द्यायला पाहिजेत." मी त्यांना सव्वा रुपयाचा हिशेब सांगितला. काकांनी शांतपणे ऐकून घेतला. निवृत्त बँक मॅनेजर आहेत, भागाकारात चूक काढली नाही. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण तो सव्वा रुपया वाचला महापालिकेचा. सोसायटीने का द्यायचा?"

याला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. येत्या रविवारी साडेदहाला गच्चीवर मीटिंग आहे. मावशींना फोन करून यायला सांगितलंय, स्वतःच बोला म्हटलं. "बोलीन की," म्हणाल्या, "पण चपला कुठे काढायच्या ते आधी सांग." अजेंड्यावर आमचा विषय सहावा आहे, पार्किंगच्या नंतर.