उतारवयात अंगणातले गवत



आपल्या कारंजा-वाशीमकडे बंगल्यापुढे लॉन लावायची हौस आली. ज्यांनी हौसेने लावले, ते आता साठी ओलांडताहेत. गुडघे कुरकुरतात, मुले पुण्याला, आणि आषाढ लागला की गवत काही ऐकत नाही. मग सल्ले येतात : पेव्हर ब्लॉक टाका, तणनाशक मारा, माळी ठेवा. मी म्हणते, आधी लॉनच कमी करा.

कॉमर्सची सवय, म्हणून हिशेब मांडते. 500 चौरस फूट म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी धरले तरी 230 लिटर, म्हणजे 200 लिटरचा ड्रम भरून वर तीन बादल्या. तेही नुसत्या शोभेसाठी. अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या येते : कारण नसताना पाणी सांडणे, माती उकरणे, वनस्पती तोडणे. चुलीपाशी होणारी आरंभी हिंसा गृहस्थाला सुटत नाही. लॉन मात्र सोडता येते. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट चरतात, त्या गवताला कोण पाणी घालतो?

तणनाशक मला नकोच. 2017 साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. ती कपाशीवरची कीटकनाशके होती, मान्य. पण पंप पाठीवर घेणारा दुसराच असतो, हे तणनाशकालाही लागू आहे.

पेव्हर ब्लॉक सगळीकडे टाकले तर वैशाखात अंगण तव्यासारखे तापते आणि पावसाचे पाणी विहिरीऐवजी रस्त्यावर जाते. फाटकापासून दारापर्यंत खरबरीत फरशीची वाट पुरे. गुळगुळीत नको, आपल्या वयात पाय घसरला की महिने जातात. बाजूला हात धरायला कठडा करून घ्या. बाकी जागेत हराळी आपली आपण येते नि उन्हाळ्यात वाळते. गाजर गवत तेवढे फुलायच्या आत, हातमोजे घालूनच उपटावे लागते. त्याने अंगाला खाज सुटते, दमेकऱ्यांना त्रास होतो.

हे उपटायला आपण बाई सांगतो, तिचे वय कधी विचारले का? आमच्याकडे येणारी मावशी माझ्याच वयाची आहे, गुडघेही माझ्यासारखेच. लॉन कमी केल्यावर तिचे काम दोन तासांवर आले, मजुरी मी अर्ध्या दिवसाचीच ठेवली. घरचे म्हणाले, हा कसला हिशेब? लांब दांड्याचे खुरपेही आणून ठेवले आहे. ऊन चढायच्या आत ती उभ्याउभ्या काम आटोपते, मग दोघी ओट्यावर चहा घेतो.