पेंवांतील हळद आणि पडद्यावरील सुरी

अलीकडे सुशिक्षित मंडळींच्या बैठकींतून एक नवीन सिद्धांत ऐकूं येऊं लागला आहे. मुलगा अभ्यासाच्या वेळीं संगणकावर खेळत बसतो ही तक्रार आतां जुनी झाली. आतां वडील कौतुकानें सांगतात कीं, चिरंजीव नुसते खेळत नाहींत. खेळांतल्या वस्तूंची ते खरेदी-विक्री करतात, भाव उतरला कीं घेतात, चढला कीं विकतात, आणि जें अर्थशास्त्र आम्ही प्रोफेसर मंडळी तीन वर्षांत शिकवूं शकत नाहीं तें घरबसल्या शिकतात. २०२५ च्या ऑक्टोबरांत अशा एका बाजारांतील भाव एका रात्रींत कोसळले, तेव्हां या कौतुकाची जागा संतापानें घेतली. आमचें म्हणणें असें कीं, तें कौतुक जितकें अस्थानीं होतें तितकाच हा संतापहि अस्थानीं आहे, आणि दोहोंच्या मुळाशीं एकच भ्रम आहे. ज्याला बाजार म्हणतां येत नाहीं त्याला आपण बाजार म्हणत आहों.

ज्या वाचकांचा या सृष्टीशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं वस्तुस्थिति थोडक्यांत सांगतों. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीचा नेमबाजीचा खेळ. २०१३ सालापासून त्यांतील बंदुकांना व सुऱ्यांना नाना रंगांचे साज मिळूं लागले. साजानें बंदुकीचा नेम सुधारत नाहीं कीं सुरीची धार वाढत नाहीं. शोभा तेवढी वाढते. हे साज बंद पेटींतून निघतात. पेटीची किल्ली सुमारें अडीच डॉलरला विकत घ्यावी लागते, आणि सुरी निघण्याचा संभव जवळजवळ चारशें पेट्यांत एक एवढा असतो. निघालेली वस्तु कंपनीच्याच पेठेंत विकतां येते. तेथें विकणाऱ्याच्या पदरीं पडणाऱ्या रकमेवर शेंकडा पंधराची दस्तुरी कंपनी घेते, आणि विक्रीचा पैसा कंपनीच्याच खात्यांत राहतो. रोख हवी असेल त्यानें बाहेरच्या आडपेठा गांठाव्या. सुऱ्या दुर्मिळ, म्हणून महाग; शेंकडों, क्वचित् हजारों डॉलर त्यांना पडत. २२ ऑक्टोबर २०२५ रोजीं कंपनीनें एक नियम बदलला. लाल वर्गांतील पांच साज परत केले असतां एक सुरी किंवा हातमोज्यांचा जोड मिळूं लागला. झालें! सुऱ्यांचे भाव धडाधड उतरले, काल कोणी न विचारणारे लाल साज कित्येक पटींनीं चढले, आणि सुमारें सहा अब्ज डॉलर गणल्या जाणाऱ्या या बाजाराचें मोल दोनएक दिवसांत चार अब्जांच्या आसपास आलें.

आमच्या प्रतिपक्षाजवळ पुरावा नाहीं असें मात्र नाहीं. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें २००१ सालीं ‘एव्हरक्वेस्ट’ खेळांतील काल्पनिक देशाचें दरडोई उत्पन्न मांडून दाखविलें, तेव्हां त्याची जागा रशिया व बल्गेरिया यांच्या दरम्यान लागली. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ चालविणाऱ्या आइसलंडच्या कंपनीनें २००७ सालीं पगारी अर्थशास्त्रज्ञ नेमला. खुद्द व्हॉल्व्हनें २०१२ सालीं यानिस व्हारुफाकिस यांस पाचारण केलें. तेच पुढें २०१५ सालीं ग्रीसचे अर्थमंत्री झाले. एवढे विद्वान् जेथें रमले तेथें आमचा मुलगा रमला तर काय बिघडलें, असा प्रश्न आम्हांस करण्यांत येतो. उत्तर सोपें आहे. कंपन्यांनीं नेमलेल्या विद्वानांच्या पुढें मालकाच्या वह्या उघड्या होत्या. कोणती वस्तु किती निघाली, कोणाजवळ किती सांठली, हें त्यांना दिसत होतें. मुलाला त्यांतलें कांहींच दिसत नाहीं. दवाखान्यांत डॉक्टरहि जातो आणि रोगीहि जातो, परंतु म्हणून दोघेहि वैद्यक शिकून बाहेर पडतात असें कोणी म्हणत नाहीं.

भाव म्हणजे काय हें शिकण्यासाठीं सातारा-सांगलीच्या माणसाला खरोखर इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. हळदीचेंच उदाहरण घ्या. कृष्णाकांठच्या शेतांत हळदीचें बेणें पावसाळ्याच्या तोंडावर जमिनींत जातें, आणि आठ-नऊ महिन्यांनीं काढणी होते. मग ती शिजवावयाची, वाळवावयाची, पॉलिश करावयाची, आणि पोत्यांत भरून सांगलीच्या यार्डांत सौद्यासाठीं आणावयाची. तेथें खरेदीदार हळकुंड मोडून आंतला रंग पाहतो, आणि मग बोली बोलतो. सांगलीजवळ हरिपूरच्या मातींत माणसें उतरतील अशीं खोल पेंवें खणून त्यांत वर्षानुवर्षें हळद सांठविण्याची पद्धति होती. बंद पेंवांत किडीला हवाच मिळत नसे. २००५ च्या महापुरानें त्यांपैकीं पुष्कळ पेंवांचा घात केला. म्हणजे येथें भावाच्या मागें पाऊस आहे, माती आहे, नदीचा पूर आहे आणि माणसाचे कष्ट आहेत.

हळदीचा भावहि पडतो, आणि चांगला दणकून पडतो. २०१० सालीं तो क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढें गेला होता. तो पाहून ज्यानें त्यानें हळद लावली, आणि २०१२ सालीं तो चार हजारांच्या घरांत आला. अनेक शेतकरी त्यांत पोळले. तें दुःख आम्ही लहान मानीत नाहीं. परंतु त्या पडण्याला अर्थ होता. शेतकऱ्याला त्यानें सांगितलें कीं यंदा हळद थोडी कमी कर. व्यापाऱ्याला सांगितलें कीं आतां सांठव. आणि दूर कोठेंतरी एखाद्या गृहिणीला सांगितलें कीं यंदा वर्षाची हळद भरावयास हरकत नाहीं. भाव हा एक निरोप्या आहे. एकाची टंचाई वा विपुलता तो दुसऱ्याच्या कानावर घालतो, आणि त्याप्रमाणें माणसें आपलें वागणें बदलतात. एवढ्याचसाठीं त्याचा अभ्यास करावयाचा.

आतां पडद्यावरच्या सुरीचा भाव पडला, त्यानें कोणाला काय सांगितलें? कोठें पीक अधिक आलें नव्हतें, कोठें मागणी आटली नव्हती, कोणाचे श्रम वाढले वा घटले नव्हते. त्या भावानें एकच निरोप दिला, तो असा कीं मालकाची मर्जी फिरली. आदल्या रात्रीं ज्यांच्याजवळ लाल साज होते ते सकाळीं श्रीमंत झाले आणि ज्यांच्याजवळ सुऱ्या होत्या ते नागवले. यांत कोणाची दूरदृष्टि नाहीं कीं कोणाचा आळस नाहीं. अशा ठिकाणीं यशस्वी व्हावयाचें तर पीकपाणी पाहून चालत नाहीं. धन्याच्या कपाळावरची आंठी वाचावी लागते. हें अर्थशास्त्र नव्हे, हा दरबारीपणा होय. आपल्या मुलांनीं व्यापारी व्हावें अशी इच्छा धरणाऱ्यांनीं, तीं मुलें खुषमस्कऱ्याची विद्या तर शिकत नाहींत ना, हें एकदां तपासावें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो सांगलीकरांच्या तोंडून आला तर आश्चर्य नाहीं. हळदीच्या धंद्यांत काय सट्टा नव्हता? पोतें डोळ्यांनीं न पाहतां लाखोंचे वायदे झाले नाहींत काय? झाले. सांगलीस मसाले व तेलबिया यांच्या वायद्याचें स्वतंत्र एक्स्चेंजहि होतें. सट्ट्याची वकिली करण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. परंतु वायद्याच्या शेवटीं एक दिवस येई, आणि त्या दिवशीं पोतें मागण्याचा हक्क कोणाला तरी असे. त्या एका खुंटीला सगळी दावण बांधलेली असे. शिवाय, एक्स्चेंजचा कोणीहि अधिकारी कितीहि बलाढ्य असला तरी रात्रीं लेखणीच्या एका फटकाऱ्यानें पेंवांत हजार पोतीं उत्पन्न करूं शकत नव्हता. आणि तिसरें म्हणजे त्याच्यावर सरकार होतें. मुंबईंत बॅकबेच्या शेअरांचें वेड १८६५ सालीं उतरलें. पैजेच्या व्यवहारांना न्यायालयाचा आश्रय मिळूं नये म्हणून त्याच सालीं मुंबई इलाख्यांत कायदा झाला. वायद्यांच्या नियमनाचा कायदा १९५२ सालीं झाला, आणि २०१५ पासून ही देखरेख सेबीकडे आहे. सट्ट्याच्या पायांत बेडी घालण्यास आपल्या समाजाला शतकाहून अधिक काळ खर्चावा लागला. त्या बेडीचा एक दुवाहि या खेळांच्या पेठेंत नाहीं.

तेथें मालकच टांकसाळ चालवितो, मालकच पेठ भरवितो, दस्तुरी तोच घेतो आणि तंटा पडला तर न्यायहि तोच देतो. न्यायमूर्ति रानडे यांनीं मराठी राज्यांतील चलन व टांकसाळी यांवर जो निबंध लिहिला तो आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावा. खाजगी परवानेदारांच्या हातीं टांकसाळी गेल्या म्हणजे नाणें हिणकस कसें होतें, आणि बाजारांत बट्टा देतां देतां रयत कशी मेटाकुटीस येते, हें त्या काळानें पुरें अनुभवलें आहे. तरी त्या रुपयांत थोडी का होईना चांदी असे, सराफाच्या हातीं कसोटी असे, आणि लबाड टांकसाळ मोडण्यास वर सरकार असे. पडद्यावरच्या सुरीला कसोटी कोणती लावावयाची?

मुलानें खरेंच पैसे मिळविले तर, असेंहि कोणी विचारतील. मिळविले असतील, लॉटरींतहि कोणाला तरी मिळतात. परंतु हळदीच्या व्यापारांत शेतांतून नवी संपत्ति येते. येथें पेटाऱ्यांत जें आहे तें सर्व इतर मुलांनीं घातलेलें. एका घरचा नफा म्हणजे दुसऱ्या घरच्या वडिलांच्या यूपीआयवरून गेलेली रक्कम, आणि तीहि मालकाची दस्तुरी वजा जाऊन उरलेली. सर्व खेळणारांचा एकत्र हिशेब केला तर शेवटीं तूटच निघते.

आतां संतापलेल्यांकडे वळूं. आमची संपत्ति लुटली गेली, असा त्यांचा आक्रोश आहे. ती संपत्ति केव्हां होती? ज्या करारावर न वाचतां संमति दिली जाते त्यांत कंपनीनें स्पष्ट लिहिलें आहे कीं, येथील वस्तु विकल्या जात नाहींत, त्यांच्या वापराचा परवाना तेवढा दिला जातो. आणि हा धडा आपल्याकडे नवा नाहीं. २०२० च्या सप्टेंबरांत सरकारनें पबजीवर बंदी घातली, २०२२ च्या फेब्रुवारींत फ्री फायरवर घातली. हिरे, पोशाख, बंदुकांचे साज यांत मुलांनीं घातलेला पैसा त्यामुळें धोक्यांत आला. फिलिपाइन्समध्यें ‘ॲक्सी इन्फिनिटी’ या खेळांतील नाण्यावर हजारों कुटुंबांनीं पोट भरण्याची आशा ठेवली. नाणीं खर्च होण्यापेक्षां निपजत अधिक होतीं, आणि २०२१ च्या मध्यास सुमारें तीस-चाळीस सेंट असलेला भाव २०२२ संपण्यापूर्वींच एका सेंटच्याहि खालीं गेला.

शिवाय आम्ही असें विचारतों कीं, सुरी स्वस्त झाली याचें खेळणाऱ्याला दुःख कां व्हावें? क्रिकेटच्या बॅटी उद्यां निम्म्या किमतींत मिळूं लागल्या तर मैदानावरचीं मुलें नाचतील; रडेल तो दुकानदार. ज्याला ती सुरी मिरवावयाची हौस होती त्याला ती अर्ध्या किमतींत मिळाली, हें चांगलेंच झालें. भाव उतरला म्हणून जो रडतो तो खेळाडू नव्हे, सांठेबाज होय. आणि आपला मुलगा खेळण्याच्या वयांत सांठेबाज केव्हां झाला, याचा शोध त्याच्या घरच्यांनीं घ्यावा.

यावरून आम्ही सरसकट बंदी मागणाऱ्यांच्या कळपांत गेलों असें कोणी समजूं नये. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला. पैसे लावून पैसे मिळविण्याचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्यानें निषिद्ध ठरविले, आणि ई-स्पोर्ट्‌स व मनोरंजनाचे खेळ यांना वेगळें स्थान दिलें. रंगीत पेटी यांच्या बरोबर मधल्या फटींत बसते. वरून ती मनोरंजन, आंतून सोडत. बेल्जमच्या जुगार-नियामकांनीं २०१८ सालींच अशा पेट्यांना जुगार म्हटलें. आमची मागणी त्याहून साधी आहे. पेटींतून काय निघण्याचा संभव किती, हें पेटीवर ठळक छापावें. प्रत्येक वस्तूच्या किती प्रती चलनांत आहेत, हें पेठेच्या दारावर लावावें. अठरा वर्षांखालील मुलाला पालकाच्या संमतीवांचून किल्ली विकूं नये. आणि ‘गुंतवणूक’ हा शब्द या व्यवहाराला लावून जाहिरात करणाऱ्यास दंड व्हावा. तेलाच्या डब्यावर वजन छापावें लागतें; मग या पेटीवर कांहींच नको काय?

उरलेलें काम मात्र कायद्याचें नाहीं, घराचें आहे. मुलानें खेळावें; खेळासाठीं शंभर रुपये उडवावे आणि ते उडाले असें समजून हंसावें. सिनेमाचें तिकीट आपण दुसऱ्या दिवशीं विकावयास जात नाहीं. पण त्याला व्यापार शिकवावयाचा असेल, तर हळदीच्या हंगामांत एका सकाळीं त्याला सांगलीच्या यार्डांत न्यावें. अडत्या, तोलणारा, हमाल आणि कऱ्हाडकडून वा वाईकडून रात्रभर प्रवास करून आलेला शेतकरी यांच्या मध्यें त्याला उभें करावें, आणि बोली थांबते तेव्हां त्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहण्यास सांगावें. क्विंटलमागें शंभर रुपये कमी म्हणजे काय, हें त्याला तेथें कळेल. मग घरीं येऊन त्यानें पडद्यावरच्या सुरीची किंमत खुशाल पाहावी.