दोन समित्या, एक शाळा

चंदीगडचे आयटी पार्क २००५ साली सुरू झाले. त्याला लागूनच किशनगड आणि मनीमाजरा. पार्कातल्या काचेच्या इमारतींत देशभरातून आलेले अभियंते बसतात. त्यांत आपल्यासारखे घरातले पहिले पदवीधरही आहेत. त्याच इमारती झाडणाऱ्या, रात्री पहारा देणाऱ्या माणसांच्या मुलांना मात्र जवळच्या सरकारी शाळेचाच आधार. इमारत आणि शाळा यांच्यातले हे अंतर उद्योगांच्या पैशाने मिटेल का?

अमेरिकेत यासाठी चार्टर शाळांची वाट निवडली गेली. १९९१ साली मिनेसोटा राज्याने तसा पहिला कायदा केला. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र संस्थेचा आणि मुलांना शुल्क नाही, अशी ती रचना. आपल्याकडे असा कायदा नाही, पण त्या दिशेची पावले पडली आहेत. मुंबई महापालिकेच्या काही शाळा आकांक्षा, मुक्तांगण यांसारख्या संस्था चालवतात. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आणली. कंपनीने पाच किंवा दहा वर्षांसाठी सरकारी शाळा दत्तक घ्यायची आणि रोख रक्कम न देता वस्तू व सेवा पुरवायच्या. त्या काळापुरते तिने सुचवलेले नाव शाळेला देण्याचीही सोय आहे. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांचे मोल ठरले ५० लाख रुपये.

गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या शाळेच्या पाटीची ही किंमत! कर्मवीर भाऊराव पाटलांची एक आठवण साताऱ्यात आजही सांगतात. कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी चालून आली आणि अण्णांनी ती नाकारली. रयत शिक्षण संस्था मुष्टिफंडावरही उभी राहिली. घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा झाले. देणाऱ्या एकाही घराने पाटीवर आपले नाव मागितले नाही.

मग उद्योगांचा पैसा नकोच म्हणायचे का? तसे नाही. तो पैसा उपकार नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ सांगते की ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावी आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे. प्रश्न आहे तो खर्च कोण ठरवतो याचा.

इथे दोन समित्या समोर येतात. पहिली कंपनीच्या संचालकांची. पैसा कुठे जावा हे ती सुचवते. तिच्यात पालकाला जागा नाही. दुसरी शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा असते. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडाही तिनेच करायचा आहे. एका समितीकडे पैसा आहे, दुसरीला गरज माहीत आहे. दोघींना एका टेबलाशी बसवणारे कलम मात्र कुठेच नाही. म्हणून शाळेला शौचालयाला पाणी हवे असते आणि पोचतात बॅगा; गणिताचा शिक्षक हवा असतो आणि रंगतात भिंती.

स्थानिक उद्योग संघटनांचे खरे काम इथे आहे. छोट्या कंपन्यांना २ टक्क्यांची सक्ती नसते. संघटनेने त्यांची मदत एकत्र करून दोन-चार शाळांना सलग काही वर्षे द्यावी. पण आधी पालकांचा आराखडा मागवावा आणि त्यातलीच कामे उचलावीत. कोणते काम झाले, किती खर्च झाला, याचा हिशेब शाळेच्या फळ्यावर मराठीत, चंदीगडला हिंदी-पंजाबीत लिहावा. प्रवेशाला चाळणी नको, शाळेच्या नावाला हात नको. आणि शिक्षक नेमण्याची जबाबदारी सरकारचीच राहील, हे करारात स्पष्ट असावे. नाहीतर आज दत्तक गेलेली शाळा मुदत संपल्यावर पोरकी होईल.

यात आपली जागा कोणती? १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा शेतकऱ्याच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हीच त्यांची तक्रार होती. पैसा कोणाचा आणि निर्णय कोणाचा, हा प्रश्न तिथून आपल्यापर्यंत आला आहे. आज दोन्ही टेबले ओळखणारी पहिली पिढी आपली आहे. कंपनीचा अहवाल आपल्याला वाचता येतो आणि सभेत गप्प बसणाऱ्या आईचे गप्प बसणेही आपल्याला कळते.

कंपन्यांना आपले सामाजिक खर्चाचे प्रकल्प संकेतस्थळावर जाहीर करावेच लागतात. आपल्या कंपनीची ती यादी या आठवड्यात उघडा. जवळच्या शाळेचा विकास आराखडा मागा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. जे जुळत नाही, ते मनुष्यबळ विभागाला आणि शाळा समितीला, दोघांनाही लेखी कळवा. शनिवारी शाळेत जाऊन भिंत रंगवण्यापेक्षा हे काम अवघड आहे, कारण त्यात फोटो निघत नाही आणि साहेबाची नाराजी ओढवू शकते. पण कोणाच्या तरी मुलाच्या वर्गात शिक्षक येतो तो अशाच कागदामुळे.