काचेच्या पेटींतील ऊब

थंडी पडली कीं आपण शेकोटी पेटवितों व पांघरूण घेतों. कासव, सरडा किंवा साप यांस पांघरुणाचा उपयोग नाहीं. कारण राखून ठेवण्याजोगी उष्णता त्यांच्या शरीरांत फारशी उत्पन्नच होत नाहीं. सकाळीं उन्हांत तापावें, मग भक्ष्य शोधावें, दुपारीं सावलीस जावें, हा त्यांचा नित्यक्रम होय. ऊब न मिळाल्यास त्यांचें पचन मंदावतें व खाल्लेलें अन्न पोटांत कुजूं शकतें.

आमच्या परिचयाच्या एका मुलानें मोर्शीजवळच्या नदीकांठाहून एक लहान कासव घरीं आणिलें व टोपल्यांत घालून अंधाऱ्या खोलींत ठेविलें. तें खाईनासें झालें, आणि संक्रांतीपूर्वींच मेलें. मुलगा निर्दय नव्हता. त्यास ठाऊक नव्हतें, एवढेंच.

उलटपक्षीं, हल्लीं परदेशी सरडे व साप हौसेनें पाळणारे कित्येक लोक काचेच्या पेटीवर दिवसरात्र दिवा जाळतात. ६० वॅटचा दिवा अखंड जळल्यास दिवसास जवळजवळ दीड युनिट, म्हणजे महिन्यास सुमारें ४३ युनिट वीज लागते. त्यांतील बरीच ऊब पातळ काचेंतून व जाळीच्या झांकणांतून निघून जाते. घागरीस भोंक असतां पाण्याची धार मोठी करण्यासारखेंच हें झालें!

आमच्या मतें आधीं भोंक बुजवावें. पेटी शक्यतों लांकडी असावी. काचेची असल्यास मागील व दोन्ही बाजूंस बाहेरून थर्मोकोल लावावा, मात्र तो दिव्यापासून दूर असावा. हवेस छिद्रें ठेवून उरलेली जाळी झांकावी. ऊब एकाच टोंकास द्यावी, म्हणजे प्राण्यास हवें तेव्हां दुसऱ्या टोंकास निवतां येईल. दिवा थर्मोस्टॅटला जोडावा, म्हणजे पुरेशी ऊब होतांच तो आपोआप बंद होईल. बंद काचपेटी उन्हांत मात्र कधींही ठेवूं नये. वऱ्हाडच्या उन्हांत तिची भट्टी होण्यास वेळ लागत नाहीं.

ही काटकसर अजगराची मादी कोणी न शिकवितां जाणते. ती अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून बसते, स्नायू थरथरवून थोडी ऊब निर्माण करिते, आणि त्याच वेटोळ्यानें ती राखते. १८३२ सालीं लामार-पिको या फ्रेंच प्रवाशानें ही गोष्ट पॅरिसच्या विद्वानांस सांगितली, तेव्हां तिच्यावर विश्वास बसला नाहीं. १८४१ सालीं वालांसिएन या शास्त्रज्ञानें तेथील प्राणिसंग्रहालयांत उष्णतामापक लावून पाहिला, तेव्हां ती खरी ठरली.

असो. आपल्या देशांतील तारा-कासव, घोरपड, अजगर इत्यादि प्राणी घरीं बाळगणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. कित्येक परदेशी जातींचीही नोंद सरकारांत करावी लागते. म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाचा हट्ट पुरविण्यापूर्वीं कायदा काय म्हणतो हें पाहावें. आणि त्या जीवाची ऊब वर्षानुवर्षें सांभाळण्याची आपली तयारी आहे काय, हें स्वतःस विचारावें.

विद्यार्थिमित्रांनो, खडकावर ऊन खात बसलेलें कासव दुरून पाहा. परमेश्वरानें त्याच्यासाठीं आकाशांत जो दिवा लाविला आहे, त्यास वीज लागत नाहीं. आणि त्या उजेडांत त्याचें निरीक्षण करण्यास आपणांसही कोणाची मनाई नाहीं.