छतावरचा माल आणि न आलेले गिऱ्हाईक

रोम शहरातील ‘कासिनो देल्लाउरोरा’ हा बंगला १८ जानेवारी २०२२ रोजी कोर्टाच्या हुकमाने लिलावाला निघाला. (कासिनो म्हणजे इथे जुगाराचा अड्डा नव्हे, बागेतला बंगला.) ठरवलेली किंमत ४७ कोटी १० लाख युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ४,००० कोटी रुपये. बोली ३५ कोटी ३० लाखांपासून सुरू व्हायची होती. एकही बोली आली नाही. एप्रिलमध्ये किंमत उतरवून पुन्हा लिलाव पुकारला, तेव्हाही कोणी फिरकले नाही.

एवढी किंमत कशाची? मुख्यतः एका खोलीच्या छताची. काराव्हाज्जो या चित्रकाराने सुमारे १५९७ साली कार्डिनल देल मोन्ते याच्यासाठी तिथे रोमन पुराणकथांतले जुपिटर, नेपच्यून आणि प्लूटो हे तीन भाऊ रंगवले. ओल्या गिलाव्यावर रंगवायची तिकडची रीत सोडून त्याने तैलरंग वापरले. रुंदी जेमतेम पावणेतीन मीटर. त्याच्या हातचे छतावरचे हे एकमेव काम समजले जाते, आणि मूल्यांकन करणाऱ्या तज्ज्ञाने त्या एकट्याचेच ३१ कोटी युरो धरले.

हुनराला एवढे मोल कशाला, असे आम्ही म्हणणार नाही. कारागिरांच्या पानावर ते शोभणारही नाही. आमची हरकत हिशेबाला आहे. भाव मोकळ्या मालाचा लावला आणि माल निघाला बांधलेला. चित्र छतावरून काढून नेता येत नाही. दुरुस्तीचा सुमारे १ कोटी १० लाख युरोंचा खर्च घेणाऱ्याच्या माथी. शिवाय बोली जिंकली तरी ६० दिवसांत तेवढीच रक्कम भरून मिळकत स्वतःकडे घेण्याचा हक्क इटलीच्या सरकारला. आपल्या पेठेत कोणी म्हणाले, “माल तुमचा, पण दुकानाबाहेर नेऊ नका; फाटलाय तो शिवून घ्या; आणि दोन महिने थांबा, तिसरा आला तर त्याच भावात उचलेल,” तर आपल्यापैकी कोण बयाणा देईल? ज्याला खरेदी करायची नाही त्याने लावलेला भाव कागदावरच राहतो. पहिला हक्क सरकारचाच होता, तर आधी सरकारशी बसून सौदा ठरवायला हवा होता. लिलाव त्यानंतरचा.

मुळात प्रकरण कोर्टात गेले ते वाटणीवरून. १६२१ पासून मिळकत लुदोविसी घराण्याची. मालक २०१८ मध्ये वारला. मागे तिसरी बायको आणि पहिल्या लग्नाची मुले, आणि त्यांच्यात तंटा. छतावरच्या त्या तीन भावांनी, कथेप्रमाणे, चिठ्ठ्या टाकून आकाश, समुद्र आणि पाताळ वाटून घेतले होते. खालच्या वारसांना एक बंगला वाटता आला नाही. एप्रिल २०२३ मध्ये कोर्टाच्या हुकमाने त्या विधवेला घर सोडावे लागले. वाटायला रक्कम तोवर कोणाच्याच हाती आलेली नव्हती.