अब्रू उतरते कोणाची?

वरच्या म्हणविणाऱ्या माणसाला कोणी खालच्या जातीचा म्हटले, की सारे गाव म्हणते, ‘बिचाऱ्याची अब्रू गेली!’ आणि न्हाव्याला त्याच्या वस्तऱ्यावरून, कुंभाराला त्याच्या चिखलावरून चारचौघांत हिणविले, तर तेच गाव हसून म्हणते, ‘त्यात काय झाले? आहेच की तो न्हावी!’ शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, अब्रू ही काय वरच्या आळीची वतनदारी आहे?

कायदा काय म्हणतो ते पाहा. १८६० सालच्या पिनल कोडाच्या ४९९ व्या कलमात अब्रूनुकसानीची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून ते कोड जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण तिच्या ३५६ व्या कलमात जुनीच व्याख्या कायम आहे. इतरांच्या नजरेत माणसाचे शील किंवा बुद्धी हलकी ठरली, त्याच्या जातीच्या किंवा धंद्याच्या बाबतीत त्याला कमीपणा आला, त्याची पत खालावली, किंवा त्याचा देह किळसवाण्या अगर लाजिरवाण्या अवस्थेत आहे असे लोकांस वाटले, तरच अब्रूस धक्का बसला असे धरतात.

‘जातीच्या बाबतीत कमीपणा!’ म्हणजे जात ही शिडी आहे, आणि जो वरच्या पायरीवर आहे तोच खाली येऊ शकतो, असा अर्थ भिक्षुकशाहीच्या चाकरांना लावावासा वाटेल. तळाशी ढकललेल्याने पडायचे तरी कोठून? ज्या देशाच्या घटनेने १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली, त्याच देशाच्या पार्लमेंटने २०२३ साली नवी संहिता करताना हा शब्द जसाच्या तसा उचलावा, ही शरमेची गोष्ट आहे.

पण कलम नीट वाचा. त्यात ‘कोणत्याही माणसाची’ अब्रू म्हटले आहे; उच्च जातीच्या माणसाची म्हटलेले नाही. शिंपी कापड चोरतो, सोनार सोन्यात भेसळ करतो, अमका शेतकरी कर्ज बुडवितो, अशी खोटी आवई कोणी उठविली, तर धंद्याची व पतीची ती अब्रूनुकसानीच होय. तिला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. फिर्याद मात्र मॅजिस्ट्रेटपुढे करावी लागते, आणि तीही तीन वर्षांच्या आत. भरपाईचा दिवाणी दावा लावायचा, तर मुदत एकच वर्षाची. दोघेच असताना तोंडावर दिलेली शिवी अब्रूनुकसानी होत नाही. बोल तिसऱ्याच्या कानी जावा लागतो.

आता ह्याच शब्दाची दुसरी धार पाहा. सावकाराविरुद्ध तहसीलदाराकडे अर्ज केला, की तो दरडावतो, ‘अब्रूनुकसानीत खेचीन!’ गरीब घाबरतो आणि अर्ज मागे घेतो. घाबरू नका. अधिकार असलेल्या अंमलदाराकडे शुद्ध बुद्धीने केलेली तक्रार कायद्याने गुन्हा ठरत नाही. लोकहितासाठी बोललेले खरेही गुन्हा नाही. मात्र ते खरे आहे हे दाखविता आले पाहिजे, म्हणून कागद जपून ठेवा. दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ लिहिले, केशवराव जेध्यांनी ते छापून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनाही पुण्यात ह्याच कलमाखाली खेचले होते. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. १९२६ साली अपिलात डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि आरोपी सुटले. कलम तेच होते. ते वाचणारा आपला होता, एवढाच फरक!

आणि एक कडू बोल आपल्या घरासाठी. वरच्यांकडून आपण मान मागतो, आणि महार-मांग बांधवांना जातीच्या नावाने हाका मारतो! अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांच्या देखत जातीवरून शिवीगाळ केली, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. आणि हा कायदा नसता, तरी हे वागणे सत्यशोधकाच्या घरात शोभले असते काय?

म्हणून आपली मागणी एकच. अब्रूच्या कलमातून ‘जात’ हा शब्द काढून टाका. धंदा राहू द्या, कारण धंदा हाताने कमावलेला असतो; जातीत कोणी काय कमावले? तो शब्द जाईपर्यंत मात्र कलम नीट वाचा, शेजाऱ्यालाही वाचून दाखवा, आणि घाम गाळणाऱ्याची अब्रू कोणापेक्षाही हलकी नाही हे कोर्टात उभे राहून सांगा.