दाराच्या कडीला हात लावताच करंट का लागतो? घाबरायचं कधी आणि कधी नाही?

थंडी पडली की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो आणि दाराच्या कडीला हात लावताच बोटाला चटका बसतो. मग 'अंगात वीज वाढली का?' असा प्रश्न सोशल मीडियावर हमखास विचारला जातो. शरीरात वीज वाढत वगैरे काही नाही. ही स्थिर वीज असते.

ती तयार कशी होते?
दोन वेगळे पदार्थ एकमेकांना घासून वेगळे झाले की एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. पॉलिस्टरचे कपडे आणि प्लास्टिकची खुर्ची, रबरी चप्पल आणि सतरंजी, लोकर आणि केस या जोड्यांमध्ये हे जास्त घडतं. हवा दमट असेल तर हा भार हळूहळू निघून जातो. कोरड्या हवेत तो अंगावर साठतो आणि धातूला बोट लागताच एकदम बाहेर पडतो. म्हणूनच हा त्रास कोकणापेक्षा विदर्भ-खानदेशात आणि एसीच्या खोलीत जास्त जाणवतो.

मग धोका का नसतो?
हा झटका जाणवतो तेव्हा दाब साधारण 3,000 व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतो. घरातली वीज 230 व्होल्टची असते. पण अंगावर साठलेला भार अगदी थोडा असतो आणि क्षणात संपतो. घरातल्या विजेचा प्रवाह मात्र सुरूच राहतो, म्हणून ती जीव घेऊ शकते.

फरक कसा ओळखायचा?
स्थिर विजेचा चटका एकदाच बसतो. फ्रिज, गिझर किंवा वॉशिंग मशिनला हात लावल्यावर झिणझिण्या येत राहत असतील, ओल्या फरशीवर त्या वाढत असतील, तर ती स्थिर वीज नाही. तो लीकेज करंट असू शकतो. पुन्हा हात लावून खात्री करू नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर अशा गळतीत वीजपुरवठा आपोआप तुटतो.

चटके कमी कसे होतील?
• सुती कपडे घाला, हातांना मॉइश्चरायझर किंवा तेल लावा.
• फरशी ओल्या फडक्याने पुसा.
• कडीला आधी किल्ली टेकवा. ठिणगी किल्लीवर पडेल, बोटाला चटका बसणार नाही.
• गाडीतून उतरताना दाराचा धातूचा भाग धरूनच पाय खाली टेकवा.

एकदाच चटका बसला तर विसरून जा. तेच उपकरण पुन्हा पुन्हा करंट देत असेल, तर दुरुस्तीशिवाय वापरू नका.